रान विकू नका, आधी दहा मिनिटांची फिल्म करा! गावाकडून सिनेमात जाणाऱ्यांसाठी कामाची माहिती

तालुक्यात बातम्यांसाठी फिरताना पोरं गाठतात. कुणाच्या डोक्यात स्टोरी असते, कुणी मोबाईलवर रील करत असतं, कुणाला थेट डायरेक्टरच व्हायचं असतं. प्रश्न मात्र ठरलेला, "भाऊ, सुरुवात कुठून करायची आणि पैसे किती लागतील?" काही घरांत तर एक-दोन एकर विकायची बोलणीसुद्धा झालेली असतात. म्हणून ही सगळी माहिती एका जागी देत आहे. घरातल्या मोठ्या माणसांनीही वाचावी, कारण सातबारा त्यांच्या नावावर असतो.

'सैराट'च्या आधीची वर्षं बघा

करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचं नाव प्रत्येक पोराच्या तोंडी आहे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि गावोगावी एकच आकडा पोचला, शंभर कोटी. त्याच्या आधी काय झालं ते मात्र कुणी विचारत नाही. मंजुळे यांनी पुण्यातून मराठीत एम.ए. केलं. ते कविता लिहीत होते. मग नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संज्ञापन म्हणजे मास कम्युनिकेशनचा अभ्यास केला. त्या काळात 'पिस्तुल्या' हा छोटा लघुपट केला. शाळेत जायची ओढ असलेल्या गरीब पोराची ती गोष्ट. तिला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, कथाबाह्य विभागात, दिग्दर्शकाच्या पहिल्या कामाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर २०१३ साली 'फँड्री' आला आणि त्यालाही पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'सैराट'. त्याच्यामागे झी सारखी मोठी कंपनी उभी होती.

म्हणजे आधी लघुपट, मग एक लहान सिनेमा, मग मोठा. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला. माणसं सोबत घेऊन पायरी पायरीनं चढलेलं हे काम आहे.

दुसरं उदाहरण भाऊराव कऱ्हाडे यांचं. 'ख्वाडा'साठी त्यांनी जमीन विकली, हे त्या वेळी पेपरात आणि टीव्हीवर गाजलं. मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट, सगळी माणसं आपल्या मातीतली. २०१५ च्या मार्चमध्ये ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचं नाव आलं. तरी थिएटरला लागायला ऑक्टोबर उजाडला. राष्ट्रीय पुरस्कार हातात असलेल्या सिनेमाला इतके महिने लागले, तर नाव नसलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार करा. कऱ्हाडे यांच्यात धमक होती आणि कामही तसं होतं, त्यांचं झालं. पण जमीन विकून सिनेमा काढला आणि तो डब्यातच राहिला, अशा माणसाची मुलाखत कुठल्या चॅनेलवर येत नाही. आपल्याला फक्त तरलेला दिसतो.

कुणी म्हणेल, दादासाहेब फाळक्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, सरस्वतीबाईंचे दागिनेही मोडले होते. खरं आहे. पण त्याच फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं ते शेतकऱ्यानं तर नक्कीच लक्षात ठेवावं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याच्यापुढे कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत बी उगवून वेल होईपर्यंतची मिनिटभराची फिल्म केली. ती भांडवल देणाऱ्याला दाखवली, तेव्हा त्याचा विश्वास बसला. १९१३ साली ३ मे रोजी लागलेल्या सिनेमाची सुरुवात अशी एका वाटाण्यापासून झाली. तुमचा वाटाणा म्हणजे दहा मिनिटांची फिल्म.

पहिली फिल्म घरच्या घरी

आपल्याकडे जे फुकट आहे त्यासाठी मुंबईवाले लाखो रुपये मोजतात. वाडा, गोठा, ऊसतोड, जत्रा, एसटी स्टँड, आणि खरं बोलणारी माणसं. मग गोष्ट पण तिथलीच घ्या. मंगेश हाडवळे यांनी २००८ च्या 'टिंग्या'त जुन्नर भागातलं शेतकऱ्याचं पोरगं आणि त्याचा बैल एवढंच धरलं, आणि त्यातल्या शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपली पोरं मात्र पहिल्याच फिल्ममध्ये गँगवॉर आणि स्लो मोशन घालतात. त्याच्यानं काही होत नाही.

वयाचीही अट नाही. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांचे प्रश्न अभ्यासताना त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय माहितीचा असला की हात आपोआप चालतो.

मोबाईलवर शूट करताना पहिला पैसा आवाजावर घाला. चित्र थोडं हललं तर लोक खपवून घेतात, डायलॉग ऐकू आला नाही की लगेच पुढं सरकवतात. कॉलरला लावायचा साधा माईक घ्या, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी लावा. मोटर चालू असेल, शेजारच्या रानात मळणी चालू असेल, तर थांबा. शूट करायच्या आधी त्या जागेवर दोन मिनिटं गप्प उभं राहून नुसतं ऐका. कुत्रं, लाऊडस्पीकर, डंपर, सगळं तेव्हाच कळतं.

उजेड सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतरचा चांगला. घरात ट्यूबच्या उजेडात चित्रात पट्टे फिरताना दिसतात ना, ते विजेमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रडायच्या सीनला मामाचा कॉल येतो. रोज रात्री शूट केलेलं दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा. मेमरी कार्ड गेलं म्हणजे आठवड्याचं काम गेलं.

एडिटिंगला मोबाईलवर काईनमास्टर, व्हीएन चालतं. कॉम्प्युटर असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट मिळणारी आवृत्ती व्यवसायातले लोकही वापरतात, तीच शिका. ट्रॉली नाही, क्रेन नाही म्हणून अडू नका. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांनी आणि शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' अशाच जुगाडावर केला. त्यांच्यावर डॉक्युमेंटरी झाली आणि पुढे हिंदी सिनेमाही झाला.

यूट्यूब म्हणजे आपलं थिएटर, पण हिशोब समजून घ्या

बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची 'चांडाळ चौकडीच्या करामती' आणि साताऱ्याकडची 'गावाकडच्या गोष्टी' आपण सगळेच बघतो. गावात राहून, गावातली माणसं घेऊन ही मंडळी उभी राहिली. नियमित एपिसोड देणं हे त्यांचं खरं बळ.

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबची अट आहे. १००० सबस्क्रायबर, आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. दुसऱ्याचं गाणं मागे वाजवलंत तर तो पैसा गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतो किंवा व्हिडिओ उडू शकतो. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला, हलगीवाल्याला बोलवा, वाजवून घ्या आणि त्याच्याकडून एका कागदावर परवानगी लिहून घ्या.

चॅनेल कुणाच्या ईमेलवर आहे हे पहिल्या दिवशीच ठरवा. चार मित्र मिळून काढलेलं चॅनेल पैसे यायला लागल्यावर फुटतं. वाटे कागदावर असतील तर निदान दोस्ती तरी राहते.

शिक्षण: कुठं, काय लागतं

पुण्याची एफटीआयआय ही सरकारी संस्था. ती आहे ती जागासुद्धा प्रभात फिल्म कंपनीची. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि नंतर पुण्याला आली. इथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या कोर्सना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. बारावीवर तिथं अर्ज चालत नाही, हे आधीच सांगतो, कारण बरेच जण पुण्याला हेलपाटा घालून येतात. अजून एक, ध्वनी विभागासाठी बारावीला फिजिक्स असावं लागतं. अकरावीला शाखा निवडतानाच हे माहीत हवं.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी तीच संस्था छोटे कोर्स घेते, त्यात मोबाईलवर फिल्म करण्याचाही असतो. तारखा संस्थेच्या वेबसाईटवर येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मास कम्युनिकेशनच्या पदव्या आहेत. खाजगी अकॅडमीत लाखभर भरण्याआधी एवढंच विचारा, मागच्या तीन वर्षांतली पोरं आज काय काम करतात? त्यांचे नंबर मागा आणि फोन करा.

रोजगार फक्त डायरेक्शनमध्ये नाही

इथं माझं स्पष्ट मत आहे. दहातल्या आठ पोरांना डायरेक्टर व्हायचंय, एक-दोघांना हिरो. साऊंड, एडिटिंग, लाईट, मेकअप, कपडेपट यांच्याकडे कुणी बघत नाही. चांगला साऊंडवाला आणि चांगला एडिटर रिकामा बसत नाही. लग्नाच्या व्हिडिओवर हात बसलेल्या पोरांना एडिटिंगमध्ये यायला सोपं जातं, त्यांनी तर लाजूच नये.

दुसरं काम म्हणजे लोकेशनचं. वाई-मेणवली भागात 'स्वदेस'पासून 'दबंग'पर्यंत हिंदी सिनेमांची शूटिंग झाली. 'लागिरं झालं जी' ही मालिका साताऱ्याकडे, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे चित्रित झाली. अशा युनिटला राहायची सोय, दोन वेळचं जेवण, जनरेटर, गाड्या, गर्दीसाठी माणसं, ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस परवानगी, सगळं बघणारा स्थानिक माणूस लागतो. तालुक्यात ओळखी असलेल्या माणसाला हे जमतं, आणि सेटवर उभं राहून धंदा फुकट शिकायला मिळतो. पैसे मात्र रोजच्या रोज लिहून सही घ्यायची. युनिट हललं की उधारी गेली.

मुंबईला जायचं असेल तर असिस्टंट म्हणून जा, हातात काम ठरवून जा. सुरुवातीचे महिने पगार तुटपुंजा असतो, कधी नसतोच. सहा महिन्यांचं भाडं आणि खाणावळ जमा असल्याशिवाय निघू नका. दोन हंगामांच्या मधला काळ धरून जाऊन येणारेही आहेत, त्यात कमीपणा नाही.

गोष्ट तुमची, कागदही तुमचा

स्टोरी चोरीला गेली ही तक्रार फार येते. कायद्यानं गोष्ट लिहिली त्या क्षणी तिचा कॉपीराईट तुमचा होतो. पण तो सिद्ध करता आला पाहिजे. मनातली आयडिया चहाच्या टपरीवर सांगितली तर तिला संरक्षण नाही, लिहून काढलेल्या कथा-पटकथेला आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथा ऑनलाईन नोंदवता येते. मराठी सिनेमाचं नाव नोंदवायला अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, त्याचं मुख्य कार्यालय कोल्हापूरला.

कुणी गोष्ट विकत मागितली तर कॉपीराईट कायदा १९५७ चं कलम १९ लक्षात ठेवा. हक्क द्यायचे ते लेखीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे करारात लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेलं असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. तालुक्याच्या कोर्टातला ओळखीचा वकीलही हे वाचून देऊ शकतो.

बैल, बिडी आणि बालकलाकार

थिएटरला सिनेमा लावायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाईन होतो. आता यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन प्रकार झाले आहेत. गावाकडचा सिनेमा नेमका तीन गोष्टींत अडकतो.

पहिली, जनावरं. बैल, शेळी, कोंबडी, कुत्रं, काहीही कथेत वापरलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. बैल आपलाच आहे हे तिथं चालत नाही. शूटिंग उरकून मग अर्ज करणाऱ्यांचे सीन कापावे लागतात, आणि बैलगाडा शर्यतीवरचा सिनेमा असेल तर मग उरतं काय?

दुसरी, तंबाखू. बिडी, चिलीम, मळलेली तंबाखू दाखवली की त्या वेळी पडद्यावर इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या चित्रफिती दाखवाव्या लागतात. गोष्टीला गरज नसेल तर म्हाताऱ्याच्या हातात बिडी देऊच नका.

तिसरी, मुलं. १४ वर्षांखालच्या मुलाला घेताना आई-वडिलांची संमती आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांती न देता सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. मिळणाऱ्या पैशातले किमान २० टक्के मुलाच्या नावे बँकेत ठेवावे लागतात. ज्यांच्या पोराला कुणी सिनेमात मागितलं त्या पालकांनी हा कागद आधी मागावा.

खरा खर्च बाजारात गेल्यावर कळतो

कांदा पिकवणं एक, आणि मार्केटला नेऊन पट्टी हातात पडणं दुसरं. सिनेमाचं तसंच. बनवण्याचा खर्च सगळे मोजतात, लावण्याचा कुणी मोजत नाही. आता रिळाची पेटी नसते, सिनेमा यूएफओ, क्यूब अशा कंपन्यांच्या यंत्रणेतून थिएटरला जातो आणि त्याचे पैसे निर्मात्याकडून घेतले जातात. पोस्टर, ट्रेलर, गावोगावचा प्रचार वेगळा. तिकिटाच्या पैशातला कर गेल्यावर उरलेल्यातला निम्मा किंवा जास्त वाटा थिएटर ठेवतं. त्यातून वितरकाचं कमिशन. हमाली, तोलाई, भाडं जाऊन हातात काय येतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय पहिल्या शुक्रवार-शनिवारी लोक आले नाहीत तर सोमवारी शो निघतात.

म्हणून हिशोबाच्या वहीत दोन रकाने आधीच पाडा, बनवायचा आणि लावायचा. दुसऱ्या रकान्यात शून्य असेल तर मोठ्या सिनेमाला हात घालू नका.

सरकारचं मराठी चित्रपटाला अनुदान आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीचं जे महामंडळ आहे त्याच्यामार्फत ते दिलं जातं. समिती सिनेमा बघून दर्जा ठरवते, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असे आकडे बरीच वर्षं चालत आले. अर्ज करताना चालू शासन निर्णय काढून बघा. पण हे अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर मिळतं, सगळ्यांना मिळत नाही, आणि यायला वेळ लागतो. त्याच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेणं म्हणजे पीकविम्याच्या भरवशावर पेरणी करणं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच 'सावकारी पाश' काढला होता, सावकारापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा. त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता.

लघुपटाला हा बाजार नसतो, त्याचा रस्ता महोत्सवाचा. पुण्याचा पिफ, मुंबईचा मिफ, छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ, कोल्हापूरचा महोत्सव, आणि गोव्याचा इफ्फी. इफ्फीत २०२१ पासून ३५ वर्षांच्या आतल्या नव्या लोकांसाठी वेगळी निवड होते आणि निवडलेल्यांना ४८ तासांत फिल्म करायचं आव्हान असतं. एक लक्षात ठेवा, काही महोत्सवांना आधी यूट्यूबवर टाकलेली फिल्म चालत नाही. नियम वाचूनच अपलोड करा. आणि फी घेऊन दर महिन्याला प्रत्येकाला ढाल देणारे ऑनलाईन महोत्सवही बोकाळलेत, त्या ढालीला कुणी विचारत नाही.

ऑडिशनच्या नावाखाली लूट

आपल्या पट्ट्यात हे दर वर्षी होतं. लॉजवर किंवा मंगल कार्यालयात ऑडिशन, फ्लेक्सवर मोठ्या हिरोचा फोटो, आणि निवड झाल्यावर 'पोर्टफोलिओ', 'कार्ड', 'रजिस्ट्रेशन' म्हणून पैसे. एका घरानं म्हशीचे पैसे भरले, पोरगं मुंबईला गेलं तर त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. सालगडी ठेवताना आपण त्याच्याकडून पैसे घेतो का?

मुलींना बोलावणं आलं तर घरचं कुणीतरी सोबत, जागा ऑफिसची, वेळ दिवसाची. हे मान्य नसेल तर ते काम नव्हेच.

ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चॅट, फोन नंबर, पावती, फ्लेक्सचा फोटो यातलं काही डिलीट करू नका. लाज वाटते म्हणून गप्प बसणारे बरेच आहेत, तोवर तीच टोळी शेजारच्या तालुक्यात नवीन फ्लेक्स लावते.